दांडा ओढला की विमान वर जाते?

नाशिकहून गिरणाऱ्यामार्गे तुम्ही कधी हरसूलला आला असाल, तर वाटेत वाघेऱ्याचा घाट लागतो हे तुम्हांला ठाऊक असेल. मार्च-एप्रिलच्या दुपारी या घाटातल्या एखाद्या वळणावर उभे राहून वर पाहावे. दोन-चार घारी हमखास दिसतात. पंख पसरलेले आणि स्थिर. फडफड नाही, धडपड नाही, तरी प्रत्येक फेरीला घार थोडी वर गेलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका वळणावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर उभा होतो. हा मुलगा आमच्याच भागातल्या एका पाड्यावरचा. बारावीला पदार्थविज्ञानात त्याला चांगले गुण होते आणि तो विषय त्याला शिकवणारा मीच होतो. आता तो विमान चालवायला शिकतो आहे. घारीकडे बघता बघता त्याने मला त्याच्या शिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातली हकीकत सांगितली.

प्रशिक्षकांनी विचारले, "विमान वर कशामुळे राहते?" आमच्या पठ्ठ्याने फळ्यावर बर्नुलीचे समीकरण बिनचूक लिहून दाखवले. प्रशिक्षक म्हणाले, "ठीक. आता समज, इंजिन बंद पडले आहे, विमान खाली चालले आहे आणि जमीन जवळ येते आहे. काय करशील?"

"दांडा मागे ओढीन, सर. नाक वर करीन."

"मग तू मेलास," असे म्हणून प्रशिक्षकांनी फळा पुसला आणि टेबलावरचा एक पुठ्ठा हातात घेतला.

हे ऐकून मला जरा ओशाळल्यासारखे झाले. समीकरण मी शिकवले होते. पण त्या समीकरणातून ज्या एका गोष्टीवर त्याचा जीव अवलंबून राहणार होता, ती त्याला समजली नव्हती. ती गोष्ट काय, हे आज आपण पाहू. त्यासाठी सूत्र लागणार नाही. एक पुठ्ठा, थोडी त्रैराशिके आणि थोडा धीर एवढे पुरे.

प्रथम मी माझी एक चूक कबूल करतो. पुष्कळ वर्षे मी वर्गात असे सांगत आलो, की विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते. खालच्या हवेला तिने मागच्या कडेशी एकाच वेळी गाठायचे असते, म्हणून ती जोरात धावते. जोरात धावली की तिचा दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो. ऐकायला किती सोपे! तुमच्याही पुस्तकात कदाचित हेच असेल. पण वरच्या हवेने खालच्या हवेला एकाच वेळी गाठायचे, असा नियम कोणी केला? निसर्गात असा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात धुराच्या रेषा सोडून पाहिले, तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेशी पोहोचलेली दिसते. आणि ही गोष्ट खरी असती, तर तुमचे कागदाचे विमान उडालेच नसते, कारण त्याच्या पंखाला फुगवटा कुठे असतो? कसरतीची विमाने पाठीवर उलटी होऊन उडतात, तीही खाली कोसळायला हवी होती.

येथे बर्नुलीला दोष देऊ नका. वेग वाढला तेथे दाब कमी, हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि पंखावरचा दाब कमी असतो हेही खरे आहे. खोटी आहे ती फक्त 'एकाच वेळी पोहोचण्याची' गोष्ट. तेव्हा मित्रहो, सोपे स्पष्टीकरण आणि बरोबर स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गोष्ट सोपी असूनही चुकीची होती.

मग बरोबर आणि सोपे काय? पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, बस्स. पंख जरासा तिरपा धरलेला असतो. समोरून येणारी हवा त्याच्या खालच्या बाजूला अडते आणि खाली वळते. वरची हवा पंखाच्या पाठीला धरून वाहते आणि तीही खालीच वळते. खालून दाब थोडा वाढतो, वरून बराच कमी होतो. दाबाचा फरक म्हणा, की हवा खाली ढकलल्याची प्रतिक्रिया म्हणा, एकाच व्यवहाराचे हे दोन हिशेब आहेत. या बलाला पुस्तकात 'उत्थापक बल' म्हणतात. मी एकदा वर्गात त्याला 'उचल' म्हणालो, तर पोरे हसली. आमच्याकडे उचल म्हणजे द्राक्षबागेच्या कामाला जाताना मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे! पण शब्द चांगला आहे, आपण तोच वापरू. ही उचलही काही फुकट मिळत नाही.

हा दाबाचा फरक असतो तरी केवढा? शिकाऊ वैमानिकांच्या हाती पुष्कळदा दिले जाणारे 'सेस्ना १५२' हे दोन आसनांचे विमान घ्या. भरलेल्या विमानाचे जास्तीत जास्त वस्तुमान ७५७ किलोग्रॅम, पंखांचे क्षेत्रफळ १४.९ चौरस मीटर. भागाकार करा. दर चौरस मीटरला सुमारे ५१ किलोग्रॅमचा भार, म्हणजे ५०० पास्कलच्या आसपास दाब. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलहून थोडा जास्त. म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबांत दोनशेव्या भागाइतका फरक पडला, की एवढे विमान हवेत तरंगते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर जमिनीवर ५ सेंटीमीटर पाणी साचले, तर त्याचा जेवढा दाब पडेल तेवढाच! हरसूलच्या पावसाळ्यात भाताच्या खाचरात याहून जास्त पाणी असते.

आता पुठ्ठा घ्या. वहीच्या आकाराचा, कडक. टेबलपंखा लावा आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी वाऱ्यात धरा. (एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून हा प्रयोग फार छान होतो, पण तो मी सुचवणार नाही.) पुठ्ठा वाऱ्याच्या दिशेत अगदी सपाट धरला, तर काहीच होत नाही. पुढची कड थोडी वर केली, की पुठ्ठा हाताला वर ओढतो. आणखी वर केली, की आणखी ओढतो. कड वर करत राहा. एका मर्यादेनंतर ओढ वर न राहता मागे होते. पुठ्ठा थरथरतो आणि पंख्यापासून दूर जाऊ पाहतो. येथेच सगळे विमानशास्त्र आहे, असे म्हटले तरी चालेल.

पुठ्ठ्याने वाऱ्याशी जो कोन केला, तो महत्त्वाचा. आपण त्याला 'वाऱ्याशी कोन' एवढेच म्हणू. पण यातला वारा कोणता? नकाशावरचा पश्चिमेचा किंवा दक्षिणेचा नव्हे. सायकलवरून जाताना हवा पडलेली असली तरी तोंडावर वारा लागतो ना? तो वारा. विमान ज्या दिशेला खरोखर जात असते, त्याच्या बरोबर उलट दिशेने हा वारा पंखावर येतो. विमान सरळ जात असेल, तर तो समोरून येतो. विमान खाली पडत असेल, तर खालून येतो. नाक कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वैमानिकाला नाक दिसते, क्षितिज दिसते, वारा मात्र दिसत नाही. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

वेग आणि कोन यांची सांगड पाहा. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तासाला १८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला समजा ४ अंशांचा कोन पुरतो. (ज्या स्थितीत उचल शून्य असते, तेथून हा कोन मोजला आहे.) वेग निम्मा, म्हणजे ९० केला, तर तेवढ्याच कोनात उचल चौथ्या भागावर येईल. वजन मात्र तेच आहे. मग कोन चौपट करावा लागेल, म्हणजे १६ अंश. सावकाश उडायचे तर पंख जास्त तिरपा धरायचा, असा हा व्यवहार आहे. पण कोन वाढवत नेण्याला हद्द आहे. साधारण १५-१६ अंशांच्या आसपास वरच्या बाजूची हवा पंखाची पाठ सोडते. तिला एवढे तीव्र वळण घेववत नाही. ती पंखापासून सुटते आणि मागे नुसते भोवरे उठतात. उचल वाढायची ती एकदम घटते. याला 'स्टॉल' म्हणतात. मराठीत स्टॉल म्हटला की जत्रेतली दुकाने डोळ्यांपुढे येतात आणि मोटारवाल्यांना वाटते की इंजिन बंद पडले. दोन्ही नव्हे. इंजिन झकास चालू असतानाही विमान स्टॉल होते. स्टॉल होतो तो पंखाचा.

आता दांड्याकडे वळू. सेस्नात दांड्याऐवजी अर्धवट चाकासारखे हँडल असते, काम तेच. दांडा मागे ओढला की शेपटीवरची आडवी झडप वर होते, शेपटी खाली दाबली जाते, नाक वर येते आणि पंखाचा वाऱ्याशी कोन वाढतो. एवढेच घडते. या झडपेचे इंग्रजी नाव 'एलिव्हेटर', म्हणजे उंच नेणारा. नावानेच शिकणाऱ्याला फसवले! दांडा हा वर-खाली जाण्याचा दांडा नव्हे, कोन कमी-जास्त करण्याचा आहे आणि कोन ठरला की वेगही त्याबरोबर ठरतो. हे ठासून सांगणारा माणूस म्हणजे वोल्फगांग लांगेविशे. जन्माने जर्मन, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला हा वैमानिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चाचणी-वैमानिक होता. १९४४ साली त्याचे 'स्टिक अँड रडर' हे पुस्तक निघाले. त्यात समीकरणांची गर्दी नाही. विमानात बसलेल्या माणसाला काय वाटते, प्रत्यक्षात काय घडत असते आणि या दोहोंत तफावत कुठे पडते, एवढेच त्याने सांगितले. पुस्तकाला ऐंशी वर्षे उलटून गेली. विमाने पार बदलली. तरी शिकाऊ वैमानिकांना ते आजही वाचायला सांगतात.

मग विमान वर कशाने जाते? इंजिनाने. मोटरसायकल वाघेऱ्याचा घाट चढते ती हँडल वर ओढल्याने का? रेस द्यावी लागते. येथेही तेच. सेस्ना १५२ समुद्रसपाटीजवळ सेकंदाला सुमारे ३.६ मीटर वर चढू शकते. ७५७ किलोग्रॅम, गुणिले ९.८, गुणिले ३.६. उत्तर येते जवळजवळ २७ हजार वॅट, म्हणजे ३६ अश्वशक्ती. इंजिन ११० अश्वशक्तीचे. तेव्हा सुमारे तिसरा हिस्सा चढण्यात खर्च होतो. बाकीची शक्ती हवेचा रोध तोडण्यात आणि प्रोपेलरच्या पंख्यात वाया जाते. नुसते उडत राहण्याची गरज भागवून जी शक्ती शिल्लक राहील, तेवढीच चढाईला मिळते. इंजिन बंद पडले तर शिल्लक शून्य. मग दांडा कितीही ओढा. थोडा वेळ नाक वर होईल, वेग घटेल, कोन वाढेल आणि पंख स्टॉल होईल.

आणि अशा वेळी करायचे काय? दांडा पुढे ढकलायचा. जमीन खाली दिसत असताना नाक तिच्याकडेच करायचे! कोन कमी झाला की हवा पुन्हा पंखाला धरून वाहू लागते, वेग येतो आणि मग हळूच विमान सरळ करता येते. माणसाच्या सगळ्या सहजप्रवृत्तीच्या हे विरुद्ध आहे. घसरणारा माणूस मागे रेलतो, पडणारा वर धरू पाहतो. दोन-तीन सेकंदांत हाताने उलटी क्रिया करायची, तर ती डोक्यात फार साध्या रूपात बसलेली असावी लागते. त्या क्षणी समीकरण आठवून, त्यात किमती घालून उत्तर काढायला कोणाला वेळ असतो?

ही गोष्ट माणसाला फुकट कळलेली नाही. विमानाच्या पहिल्या दशकात एक भयंकर प्रकार घडे. स्टॉल होताना एक पंख आधी खचला, तर विमान भिंगरीसारखे गरगरत खाली येई. त्यातून क्वचितच कोणी वाचत असे. याला 'स्पिन' म्हणतात. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लार्कहिल येथे विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातला तरुण लेफ्टनंट अशा गरगरीत सापडला. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे त्याने दांडा मागे ओढून पाहिला, उपयोग होईना. जमीन अगदी जवळ आल्यावर त्याने शेपटीचे उभे सुकाणू गरगरण्याच्या उलट दिशेला पूर्ण दाबले. गरगर थांबली आणि जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर विमान सरळ झाले. उतरल्यावर त्याने आपण काय काय केले ते सांगितले आणि ते लिहून ठेवले गेले. दुर्दैवाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या एका अपघातात पार्क मरण पावला.

पुढे फ्रेडरिक लिंडमान हा पदार्थविज्ञानज्ञ फार्नबरोच्या विमान-कारखान्यात काम करत होता. तो स्वतः विमान चालवायला शिकला आणि १९१७ मध्ये त्याने मुद्दाम विमान स्पिनमध्ये घालून नोंदी घेतल्या. आमच्या पदार्थविज्ञानाच्या जातीतला माणूस असा वागल्याचे वाचले, की छाती जरा फुगते. प्रयोगशाळेत चुकले तर प्रयोग पुन्हा करता येतो. येथे ती सोय नव्हती.

त्याच वर्षी गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने विमानशिक्षणाची पद्धतच बदलली. तोवर शिकाऊंना धोक्यापासून दूर ठेवणे हीच सुरक्षितता समजली जाई. स्मिथ-बॅरीने उलटे केले. पुरेशी उंची घ्यायची, प्रशिक्षकाने बरोबर बसायचे, विमान मुद्दाम स्टॉलमध्ये, स्पिनमध्ये घालायचे, का घडले ते सांगायचे आणि बाहेर काढायला लावायचे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू यावे म्हणून प्रशिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक नळी असे. पुढे तिला 'गॉस्पोर्ट नळी' हेच नाव पडले. मला या नळीचे फार कौतुक वाटते. नळीतून बोलायचे तर वाक्य छोटे हवे आणि नेमके हवे. आमच्यासारख्या पाऊण तास बोलणाऱ्या मास्तरांच्या हातीही अशी एखादी नळी द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये १९२८-२९ च्या सुमारास सुरू झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला; भारतात दिलेला तो पहिला परवाना. आता महाराष्ट्रात धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी मुलेमुली हे शिकतात.

पण स्टॉल नेहमी सरळ उडतानाच होतो असे समजू नका. फसवा तो वळणातला. नाव सुकाणूने वळते, म्हणून विमानही सुकाणूने वळत असेल असे वाटते. तसे नाही, विमान एका बाजूला कलते आणि पंखाची तिरपी झालेली उचल त्याला आत ओढते. जत्रेत 'मौत का कुआँ' पाहिला आहे ना? भिंतीवर फिरणाऱ्या मोटरसायकलवाल्याला भिंत आत ढकलत असते. विमानाला हवेत ती भिंत पंखच पुरवतो. आता हिशेब पाहा. विमान ६० अंश कलले, तर उचलीचा निम्माच भाग वजन तोलायला उरतो. म्हणजे विमान खाली न येता वळण घ्यायचे, तर पंखाने दुप्पट उचल दिली पाहिजे. उचल दुप्पट म्हणजे स्टॉलचा वेग २ च्या वर्गमुळाइतका पट. ९० होता तो १२७ झाला. विमान तासाला ११० किलोमीटर वेगाने चालले आहे, सरळ उडताना अगदी सुरक्षित. तोच वेग या वळणात जीवघेणा. उतरताना धावपट्टीकडे शेवटचे वळण घ्यायचे असते. वेग कमी, उंची कमी. वळण चुकते आहे असे दिसले, की नवखा वैमानिक जास्त कलतो, दांडा जास्त ओढतो. तेथे स्टॉल झाला तर सावरायला उंचीच नसते.

हे सगळे नवख्यांचे झाले, असे तुम्ही म्हणाल. तर १ जून २००९ ची एक घटना सांगतो. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० जातीचे विमान रात्री अटलांटिक महासागरावर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले. वेगाचे आकडे चुकीचे येऊ लागले. स्वयंचालक बंद पडला आणि विमान माणसांच्या हाती आले. वैमानिकाने दांडा मागे ओढला. विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले आणि स्टॉल झाले. स्टॉलची धोक्याची सूचना सत्तरहून अधिक वेळा वाजली. दांडा बहुतेक वेळ मागेच होता. साडेतीन मिनिटांत विमान समुद्रात पडले. २२८ माणसे गेली. इंजिने शेवटपर्यंत चालू होती.

समुद्राच्या तळाशी सापडलेल्या नोंदयंत्रातले शेवटचे आकडे पाहा. वहीत आकृती काढा. पुढे जाण्याचा वेग तासाला सुमारे २०० किलोमीटर. खाली पडण्याचा वेगही सुमारे २०० किलोमीटर. दोन्ही सारखे, म्हणजे विमान क्षितिजाखाली ४५ अंशांत चालले होते. आणि नाक? क्षितिजाच्या वर १६ अंश! पंखाचा वाऱ्याशी कोन किती झाला? ४५ अधिक १६, म्हणजे जवळजवळ ६१ अंश. पंख कधीच स्टॉल झालेला होता, तरी नाक वर होते आणि रात्रीच्या अंधारात खालून येणारा वारा कोणाला दिसत नव्हता. त्या वैमानिकांना विमानशास्त्र येत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परीक्षा ते सारे उत्तीर्ण झालेलेच होते. यंत्रे परस्परविरोधी गोष्टी सांगत असताना, गोंधळात, दांडा म्हणजे कोन ही गोष्ट हातापर्यंत पोहोचली नाही. अशा अपघातांनंतर शिक्षणातला क्रमही बदलला. पूर्वी स्टॉलमधून बाहेर येताना इंजिनाची पूर्ण शक्ती लावून शक्य तितकी कमी उंची गमावण्यावर भर असे. आता पहिली क्रिया एकच शिकवतात, कोन कमी करा. उंची जाते तर जाऊ द्या.

तर मग समीकरणे टाकून द्यायची का? विद्यार्थी मला हे फार आशेने विचारतात. नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना आहे. तेथे शिकाऊ वैमानिकांसाठीच्या 'एचटीटी-४०' या विमानाच्या बांधणीची एक शाखा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. या जातीचे विमान तयार करताना ते मुद्दाम डावीकडे-उजवीकडे सहा-सहा फेऱ्यांच्या स्पिनमध्ये घालून, त्यातून नीट बाहेर येते की नाही हे पाहावे लागले. अशा विमानाची शेपटी किती मोठी, पंख किती जाड, हे ठरवायला साध्या गोष्टी पुरत नाहीत. तेथे पानेच्या पाने गणित लागते. वैमानिकालाही हिशेब चुकत नाहीत. चाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, १५ अंशांच्या मानाने आठ टक्क्यांनी. मग धावपट्टी किती लागेल ते त्याला तक्त्यावरून काढावेच लागते. पण ते निघण्यापूर्वी, जमिनीवर, पेन्सिल हातात घेऊन. माझी तक्रार सूत्रांविरुद्ध नाही. सूत्र आले म्हणजे गोष्ट समजली, असे आपण मास्तर लोक धरून चालतो, त्याविरुद्ध आहे.

असो. घारी राहूनच गेल्या. तिला इंजिन नाही, मग ती वर कशी जाते? खरे तर घार खालीच येत असते. हवेच्या तुलनेत ती सावकाश घसरत असते. पण घाटाच्या तापलेल्या कातळावरची हवा वर उठते आहे, डोंगरावर आदळलेला वाराही वर वळतो आहे, आणि घार जितकी घसरते त्याहून हवा जास्त वर चढते. सरकत्या जिन्यावरून दोन पायऱ्या खाली उतरणारा माणूस वरच जातो, तसे. पुण्याजवळ हडपसरला वर्षानुवर्षे इंजिनाविना ग्लायडर उडत, तीही अशाच वर चढणाऱ्या हवेच्या शोधात फिरत. घारीची शेपटी लक्ष देऊन पाहा; ती सारखी थोडी थोडी वळत, तिरपी होत असते.

त्या दिवशी घाटात मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "पहिला स्टॉल कसा वाटला?"

तो म्हणाला, "सर, सर वर गेले, असे वाटले." मला कळेना. मग त्याने खुलासा केला. तीन हजार फुटांवर प्रशिक्षकांनी त्याला इंजिन मंद करून दांडा ओढत राहायला सांगितले. वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला. दांडा ढिला पडला. मग विमान थरथरू लागले आणि एकदम पायांखालची जमीन काढून घेतल्यासारखे नाक खाली गेले. पट्ट्यात बसलेले प्रशिक्षक शेजारी वर उचलल्यासारखे दिसले. "हात आपोआप मागेच जात होता, सर. मी जोर करून पुढे नेला." दोन सेकंदांत पंखाने हवा धरली. प्रशिक्षक म्हणाले, "पुन्हा." त्या सकाळी त्याने सहा वेळा केले.

"हे पुस्तकात का नव्हते, सर?" त्याने मला विचारले. होते. स्टॉलवर अर्धे पान होते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून मीच ते उलटून पुढे गेलो होतो.

यंदा मी ते पान व्हरांड्यात शिकवतो. तुम्हीही करून पाहा. वहीच्या कागदाचे नेहमीचे टोकदार विमान करा. नाकाला एक टाचणी-क्लिप लावा. खांद्याच्या उंचीवरून, हळू, सरळ सोडा; फेकू नका. ते किती पावले गेले ते लिहा. मग दोन्ही पंखांच्या मागच्या कडा २ मिलिमीटर वर वळवा आणि पुन्हा सोडा. मग ४ मिलिमीटर, मग ८ मिलिमीटर. प्रत्येक वेळी तीनदा सोडून सरासरी घ्या. एका टप्प्यापर्यंत कड वर वळवल्याने विमान जास्त सावकाश आणि जास्त लांब जाते. त्यापुढे ते नाक वर काढते, हवेत क्षणभर थबकते, नाक खाली घालून झेपावते आणि पुन्हा नाक वर काढते. तो टप्पा किती मिलिमीटरवर आला, आणि क्लिप काढून टाकल्यावर तो कुठे सरकला, हे लिहून ठेवा. आमच्या वर्गात दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत. त्यांचे भांडण अजून चालू आहे, आणि मी ते मिटवलेले नाही.